आत्ताच तर जेवलात

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

चि. ढब्बूस,

आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत असं लिहून मोकळं व्हायची माझी सवय तुला माहीत आहे. तेवढं एक वाक्य आज लिहीत नाही. फोन सोडून हे पत्र कशाला, म्हणून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. फोनवर तू "हं, पुढे?" करतोस आणि मला पुढचं सुचतच नाही. शिवाय फोन तुझ्या बाबांच्या खुर्चीला लागून आहे.

माझं शिवणाचं बरं चाललंय. शाळांचे गणवेश संपले, आता कोटांची अस्तरं बदलायला येतायत. मशीनचा पट्टा सारखा निसटत होता, तो नवीन घातला. समोरच्या बेकरीवाल्याने दुकानाला असला भडक रंग दिलाय की सुईत दोरा ओवताना डोळे दिपतात.

बाबांचं सांगते. आधी चांगलं. रोज सकाळी मी त्यांना त्यांच्या जुन्या बसचे थांबे म्हणायला लावते. डेपो, गिरणी, शाळा, पूल, बाजार, टपाल कचेरी, स्टेशन. उन्हाळ्यापासून पूल गळायला लागला होता. शाळेवरून थेट बाजारात. सगळी हयात ज्या पुलावरून बस नेली, तोच गायब! तू सुट्टीत येऊन गेलास, त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी पूल परत आला. मी टाळ्या वाजवल्या. "अहो, पूल आला!" तर म्हणतात कसे, "तो कुठे जाणार होता?" जीभ अजून तशीच आहे हो.

याचं श्रेय मी तुझ्या उंदरांना दिलं. जेवताना तू सांगितलं होतंस ना, तुमच्या प्रयोगशाळेत काही उंदरांना नेहमीपेक्षा तिसरा हिस्सा कमी खायला घालतात, आणि म्हातारे झाले तरी ते भुलभुलैयातून बरोबर वाट काढतात. पोटभर खाणारे मात्र कोपऱ्यात गोंधळून बसतात. तू म्हणालास, पेशी अन्न जाळतात तेव्हा ठिणग्या उडतात आणि मेंदूला त्याच भाजतात. तरुणपणी त्या विझवायची ताकद असते, म्हातारपणी ती आटते. कमी अन्न, कमी ठिणग्या. मी शिवणारी बाई, पण हे मला लख्ख समजलं. तू बोलतच होतास. बाबांनी आणखी भात मागितला म्हणून मी भांडं आणायला आत गेले.

तू गेलास आणि दुसऱ्याच दिवशी मी त्यांचं ताट कमी केलं. रागवू नकोस. रागवायचं पुढे आहे.

तुला एक सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यात एका दुपारी मी काज करत बसले होते. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि अगदी अदबीने मला म्हणाले, "बाई, माझी बायको कुठे गेली, तुम्हाला काही सांगून गेली का?" मी म्हटलं, येईलच एवढ्यात. मग मी तोंड धुवून परत आले, तर ते म्हणाले, "होतीस कुठे?" त्यांनी मला पुन्हा कधी 'बाई' म्हणू नये, यासाठी मी काहीही करायला तयार होते. आणि तू तर ताट कमी करण्यासारखा सोपा उपाय हातात दिलास.

पण हा माणूस खाणारा. जेवून उठले की थोड्या वेळाने परत, "अगं, वाढतेस ना?" मी म्हणायची, "आत्ताच तर जेवलात." खरंच जेवलेले असायचे. ते वरमून म्हणायचे, "हो का?" आणि गप खुर्चीत बसायचे. मग एका संध्याकाळी ते जेवलेले नसतानाही मी तेच वाक्य म्हटलं. ढब्बू, ते तसंच म्हणाले, "हो का?"

त्यानंतर ते वाक्य मला फार सोपं झालं.

त्यांच्या पँटी मीच कमरेत आत घेतल्या. सैल झाल्या, परत घेतल्या. गिऱ्हाईकाची पँट असती तर म्हटलं असतं, भाऊ, तब्येत दाखवा कुणाला तरी. नवऱ्याची होती, म्हणून खडू फिरवला आणि टीप मारली. त्यांच्या बसवरचे कंडक्टरभाऊजी भेटायला आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "वहिनी, आमच्या ड्रायव्हरची हवा कोणी काढली?" बिस्किटं आणली होती त्यांनी. मी पुडा बाबांच्या हातातून काढून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवला. भाऊजींना ते आवडलं नाही. मला त्यांचाच राग आला.

बुधवारी सकाळी बाबा बेसिनपाशी चक्कर येऊन पडले. कपाळाला खोक पडली. आता घरी आहेत, टाके बारीक आणि सारखे घातलेत, मी बघितले. घाबरू नकोस, असं लिहिणार होते. पण घाबर.

डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि त्यांना विचारलं, "आजोबा, काही खाल्लंत का?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हो तर. हिने आत्ताच वाढलं." आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या. मला तिथे उभं राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, उंदरांसकट.

बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, त्या उंदरांचं अन्न कमी असतं, पण जीवनसत्त्वं आणि बाकी लागेल ते सगळं मोजून घातलेलं असतं, आणि बहुतेकदा ते तरणे असल्यापासूनच. आधीच उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाचं जेवण तोडलं तर मेंदूही उपाशी राहतो. आणि पूल? या दुखण्यात काही दिवस असे बरे येतातच, म्हणाल्या. "मुलाने हे सांगितलं नाही का?"

सांगितलं असणार तू. नक्की सांगितलं असशील. मी तेव्हा भात आणायला गेले होते.

आता खरं पत्र. आता मी भरलेलं ताट पुढे ठेवते आणि ते हाताने सारतात. "आत्ताच तर जेवलो." मऊ भात केला, अंडं केलं, दूध-पाव केला. मी म्हणते, नाही हो जेवलात, तुमची शपथ. तर माझ्याकडे बघून हसतात. "तूच म्हणालीस ना?" फळीवरची बिस्किटं काढून हातात दिली, तर पुडा न फोडता परत माझ्या हातात ठेवला. वजन चढलं नाही तर या शुक्रवारी दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, असं बाईंनी बजावलंय.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. माझं वाक्य त्यांच्या डोक्यात नुसतं घट्ट बसलंय, का त्यांना सगळं कळतंय आणि मला ते हवं होतं म्हणून ते भूक मारतायत? ते कधी माझ्या शब्दाबाहेर गेले नाहीत रे. त्यांचा मेंदू धड असावा म्हणून मी हे सगळं केलं, आणि आता मनात येतं, त्यांना काही कळत नसलेलं बरं.

तू ये. शुक्रवारच्या आत ये. तुझ्या हातचा घास ते नाही म्हणणार नाहीत, लहानपणी तुझं उष्टं पानसुद्धा तेच संपवायचे. वाटेत काही खाऊ नकोस. उपाशी ये, त्यांच्या शेजारी बस आणि त्यांच्या देखत हावरटासारखा जेव.

मग उंदरांचं मला परत सांग, पहिल्यापासून. भाताचं भांडं मी आधीच टेबलावर आणून ठेवीन, म्हणजे मध्ये उठावं लागणार नाही.

तुझी वाट बघत, ताट वाढून बसलेली,
आई