मांडवाच्या दारातला मामा

माय,

रविवारी मी वाशीमच्या अभ्यासिकेत मुलींना वेबसाइट बनवायला शिकवते. तू गेलीस तेव्हा आपल्या आसेगावच्या घरात फोनसुद्धा नव्हता, म्हणून तुला समजेल असं सांगते: फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटसाठी कुणीतरी आधीच उभा करून ठेवलेला मांडव. पहिल्या दिवशी मी त्यातले शब्द माझ्या सभांतल्या भाषणासारखे कडाडून सांगितले. रिक्वेस्ट, राउट, कंट्रोलर, मॉडेल, टेम्प्लेट. मुली माना हलवत होत्या, पण डोळे रिकामे. मग मला आपल्या गावची जयंतीची पंगत आठवली.

तू कोठीच्या दारात बसली आहेस, कमरेला किल्ली. पंगतीतून कुणी ओरडतं, "वरन आना रे इकडं!" ती रिक्वेस्ट. वरणाची हाक वरणवाल्याकडेच जाते, बुंदीवाला वळूनही पाहत नाही. हे ठरवून देतो तो राउट. हाक ऐकून कोठीकडे धावणारा वाढपी म्हणजे कंट्रोलर. कोठीत काय, कशात ठेवलंय ते सांभाळणारी तू मॉडेल. तुला टाळून आत हात घालायची कुणाची टाप नव्हती. आणि मीठ-चटणीच्या जागा ठरलेली पत्रावळ म्हणजे टेम्प्लेट, पदार्थ मागून येतात. मुली हसल्या आणि लिहायला लागल्या.

अडलं ते मिडलवेअरपाशी. रिक्वेस्ट आत पोचण्याआधी वाटेत तिची जी तपासणी होते, ती. आम्ही खेड्यापाड्यांतल्या मुलींसाठी जुन्या प्रश्नपत्रिकांची साइट बांधतोय. अभ्यासिकेचे अध्यक्ष म्हणाले, "पयल्याच पानावर मोबाइल नंबर मागा, ओटीपी पाठवा. नाईतं कोनीबी घुसन." त्यावर इंझोरीची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी फोन एकच, तोबी भावापाशी. ओटीपी त्याले जाईन. मंग तो म्हनन, कायले पायजे तुले?" तिची परीक्षा तोंडावर आली आहे.

मी अध्यक्षांसमोर उभी राहिले. ज्ञानाच्या मक्तेदारीवर अख्खं भाषण तयार होतं. तोंड उघडलं आणि मामा दिसला. मांडवाच्या दारात उभा, धुळीनं माखलेल्या एका परक्या माणसाला विचारतोय, "कुठले तुमी? कोनाकडचे?" माणूस ओशाळून मागं वळतो. तू हातातली पळी टाकून येतेस. "पोटाले गाव राह्यते काय रे भाऊ? बसू दे त्याले! तुले राखनच करा लागते तं कोठीपाशी कर!"

मी तेवढंच सांगितलं. पोटाला गाव नसतं, राखण कोठीपाशी करू. प्रश्नपत्रिका टाकायची किंवा काढायची असेल त्यानं आपली ओळख द्यावी, वाचायला येणारीला नुसतं बसू द्यावं. अध्यक्ष हसले. "आज भाशन नाई का मॅडम? बरं, कोठीपाशी तं कोठीपाशी." ती तपासणी दारातून उचलून आत ठेवायला दोन-चार ओळी बदलाव्या लागल्या. त्या इंझोरीच्या मुलीनंच बदलल्या. आता ती भावाला न विचारता अभ्यासिकेतल्या संगणकावर पेपर उघडते. नंबर नाही, ओटीपी नाही.

नंतर मुलींनी विचारलं, "मॅडम, ते पोटाचं कोन म्हने?" मी म्हटलं, आपल्याकडची जुनी म्हण आहे. तुझं आहे म्हणून सांगितलं असतं तर आवाज कापला असता, माय. आणि भरसभेत माझा आवाज कधी कापत नाही, अशी या जिल्ह्यात माझी ख्याती आहे.