वाटणीतला कूलर

पुणे, २२ एप्रिल २०२५

ती. देवाजीदादास,
मायाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर विचारलं असतं तर सगळं ठीक आहे म्हणून तू ठेवून दिला असतास, म्हणून हे पत्र. वहिनीकडून कळलं, वाटणीत बाबांचा कूलर तुझ्याकडे आला होता आणि संघपालनं तो न विचारता आपल्या खिडकीला लावला. एका अंगणात राहून तुम्ही दोघं भाऊ बोलत नाही म्हणे! तुझा राग मला माहीत आहे, दादा. पण तुमची तोंडं दोन दिशांना झाली, तर मे महिन्यात मी पोरांना घेऊन कुणाच्या दारात उभी राहू? मला माहेर एकच हवं. हवा तर नवा कूलर मी पाठवते.

माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा त्यालाही दे.
तुझी माया


नागपूर, २९ एप्रिल

चि. मायास, अ. उ. आ.

कूलर नको, तू तिकीट काढ. आमची खोली पूर्वेची, दुपारी तापत नाही. संघपालची पश्चिमेला, त्याला गरज जास्त. रागात त्याच्या दारापर्यंत गेलो होतो, हे खरं. मग हाताला काम लागलं आणि राग निवला. तुझी वहिनी मला भोळा म्हणते. म्हणू दे. पोरांना टोप्या घेऊन ये, ऊन फार आहे.

असाच जीव लावत जा.
तुझा दादा


नागपूर, ६ मे

ती. मायाताईस,
संघपालचा जय भीम. वि. वि.

दादा स्वतःचं काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. तो दारात आला तेव्हा मी बाह्या सरसावून उभा होतो. त्यानं विचारलं काय, तर पक्कड कुठं ठेवली गा! लकडगंजातून वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या होत्या. कूलरच्या जुन्या काढून त्यानं स्वतः बसवल्या. मी नुसता पाण्याचा पाइप धरून. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

परवा दुपारी त्याच्याकडे गेलो. पूर्वेची खोली थंड असते, असं मलाही सांगत होता. वर टिनाचं छप्पर, पूर्व काय नि पश्चिम काय! डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन पेपर वाचत बसला होता. ताई, असा भाऊ मिळाला याचा मला फार अभिमान वाटला.

तेव्हाच कूलर त्याच्या खिडकीला नेऊन लावला. सकाळी पाहतो तर पुन्हा माझ्या खिडकीशी. काल मी परत नेला, आज त्यानं परत आणला. बोलणं सुरू झालंय, पण ऐकत कुणीच नाही. आता तूच येऊन हे भांडण सोडव. तू उतरशील त्या खोलीच्या खिडकीला कूलर लागेल, एवढ्यावर मात्र आम्ही दोघं कबूल आहोत.

माया आहेच, तू लवकर ये.
तुझा संघपाल