भिंगरीच्या गोळीचा निकाल

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला आणि संताप, दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो. इकडे सगळे धडधाकट.

तुझ्या भाचीची, म्हणजे आमच्या भिंगरीची, लक्ष टिकण्याची गोळी बंद करायची की नाही, याचा निकाल लागला. (मी लावला, असं लिहिणार होतो, पण पत्र तुझी भावजय वाचणार आहे.) तू फोनवर "पोर आहे, उड्या मारणारच, बंद करा" म्हणालीस. मीही त्याच मताचा. दोन वर्षं गोळी घेऊन ती वर्गात बसायला लागली हे खरं, पण डबा अर्धा परत यायचा. तुझी भावजय मात्र हटेना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुट्टीत दोन आठवडे थांबवून पाहू, रोजची नोंद ठेवा. मी छातीठोकपणे म्हटलं, माझ्या चष्म्यांच्या दुकानात सोडा तिला.

पहिले तीन दिवस काय सांगू! पोरगी पोटभर जेवली, गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या. एका निवृत्त मास्तरांना तिने तोंडावर सांगितलं की या फ्रेममध्ये तुम्ही घुबड दिसता. त्यांनी निमूट दुसरी घेतली. मी वहीत लिहिलं, 'गोळीची गरज नाही', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

चौथ्या दिवशी मी आत कुणाचे तरी डोळे तपासत होतो. बाहेर तिने गिऱ्हाइकांच्या तयार चष्म्यांची सगळी पाकिटं उघडली, सतरा चष्मे लख्ख पुसले आणि दिसेल त्या पाकिटात भरले. संध्याकाळपर्यंत निम्मे गिऱ्हाइकांच्या नाकावर गेले होते. दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! (एक आजी तेवढ्या खूश. सून आता धूसर दिसते, हाच राहू दे म्हणाल्या.)

मी ओरडलो. भिंगरी काउंटरखाली जाऊन बसली. "मुद्दाम नाही केलं, बाबा. कुठला कशातला ते मधेच विसरले." मग हळूच म्हणाली, "तुम्ही आत्यालासुद्धा विचारलंत. मला कुणी विचारलंच नाही."

ताई, मीही काउंटरखाली शिरलो आणि विचारलं. ती म्हणाली, "शाळेत गोळी हवी. बाईंचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतं. पण मग भूक लागत नाही, आणि मी हसायची विसरते."

हेच डॉक्टरीणबाईंना तिने स्वतः सांगितलं. त्यांनी गोळी बंद केली नाही, मात्रा कमी केली. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू म्हणाल्या. शाळा सुरू होऊन महिना झाला. डबा रिकामा येतो आणि बाईंची तक्रार येत नाही. तेव्हा तुझं-माझं चुकलं, हे मी तुझ्या वतीनेही मान्य करून टाकलं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टरीणबाईंनी माझी नोंदवही वाचली. भिंगरीबद्दल पाच ओळी, बाकी दुकानाच्या पाटीचा रंग, तीन अर्धवट पत्रं आणि एका पंख्याचं चित्र. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझीच लहानपणची प्रगतिपुस्तकं मागितली. ती तुझ्या कपाटात आहेत. लगेच पाठव. भावजींना दाखवू नकोस.

दुसरा ता. क. भिंगरीच्या नावाने पाठव. माझ्या हातात पडली तर हरवतील.