दहाच्या कॉफीबरोबरची कॅप्सूल

३ फेब्रुवारी, सोमवार

घेतली! कुणाला कळलं नाही.

आमच्या साहेबांची, रघुनंदन सरांची, मूडची कॅप्सूल. बाटली पँट्रीतच असते, कारण सर स्वतः विसरतात. रोज दहाला कॉफी आणि बशीत एक कॅप्सूल — हे माझं काम. माल परदेशातनं येतो. सरांच्या सेक्रेटरी संहिता मॅडम म्हणतात, त्यानं डोकं पळतं आणि मन खूश राहतं. सरांचं मन कुठं खूश दिसतं? आजच कॉफी परत पाठवली. "योगी, ये कॉफी है या ठंडा पानी?" सगळं ऑफिस स्क्रीनमध्ये डोकं खुपसून.

म्हटलं, सरांना लागू पडत नाही, मला पडेल. मलाही गाव सोडून या कानडी मारतहळ्ळीत करमत नाहीच.

तासाभरात छाती धडधडायला लागली. सगळे कप दोनदा धुतले. फ्रिजशी बोललो. लिफ्टमध्ये गाणं म्हटलं, तर आतला सिक्युरिटीवाला पुढच्याच मजल्यावर उतरला! आणि चारच्या सुमाराला सगळं खाडकन उतरलं. यल्लव्वाक्का फरशी पुसत होती, तिच्यावर उगाच खेकसलो. ती अथणीकडची, मराठी-कानडी दोन्ही येतं, शिव्याही दोन्ही. म्हणाली, "काय रे, आत्ता गात होतास की! कुठलं भूत शिरलंय?"

४ फेब्रुवारी

मेलो.

कालची मजा आठवून परत एक काढायला गेलो. सिंकवर उभा, नळ चालू, हात ओले. बाटली निसटली. सगळ्या कॅप्सुली पाण्यात. उचलायला गेलो तर बोटाला चिकटून चिकटून लगदा झाला. आजच्यापुरती एकच कोरडी होती, ती सरांना दिली.

माझ्या आधी देवाप्पा होता. सरांच्या बिनसाखरेच्या कॉफीत साखर पडली म्हणून त्याला काढला. मी तर परदेशी बाटली बुडवली!

आणि ही नोकरी गेली तर गडहिंग्लजला दाजींची गिरणी. जयसिंगराव दाजी मागं म्हणालेच आहेत, "अजून एक नोकरी सोडलीस की सरळ पट्ट्याशेजारी उभा राहायचं. पीठ झटकायला माणूस पाहिजेच." वासंती आक्का बाजूला बसून हसत होती. सख्खी बहीण!

गिरणीत नाही उभा राहणार. काय वाट्टेल ते करीन.

५ फेब्रुवारी

काय वाट्टेल ते केलं.

पहाटे सुचलं. त्या कॅप्सुलीतली पूड पिवळसर तपकिरी. माझ्या पेटीत अगदी तसाच रंग — आईनं पाठवलेलं मेतकूट! आधी नुसतं बेसन बघितलं, फारच पिवळं. मेतकूट म्हणजे हुबेहूब.

रिकाम्या कॅप्सुली आयुर्वेदिक दुकानात मिळाल्या. दुकानदार म्हणाला, "एनु माडतिया?" काय करणार यांचं? म्हटलं, आजीला कडू औषध गिळवत नाही. आजी जाऊन किती वर्षं झाली, पण तिला राग नाही येणार.

चमच्याच्या दांड्यानं भरल्या. मग मनात आलं, सरांना हरभरा नाही चालला तर? उगाच जीवाशी खेळ नको. संहिता मॅडमना विचारलं, "सर को चना डाल, उडद, मेथी, सब चलता है ना?" म्हणाल्या, "रोज दाल-वडा खाते हैं. क्यों, पार्टी दे रहे हो?"

दहाला बशी ठेवली. निम्मी कॉफी बशीत सांडली.

सरांनी गिळली. थोड्या वेळानं केबिनमधनं ढेकर ऐकू आली. मोठी.

६ फेब्रुवारी

आज सर म्हणाले, "थँक यू, योगी."

मी मागं वळून बघितलं, दुसरा कुणी योगी आहे का.

१० फेब्रुवारी, सोमवार

काय चाललंय कळेना! सर खूश. मीटिंगमध्ये हसले म्हणे. प्रणीत — तो कॉम्प्युटरवाला, सरांचं नाव काढलं की संडासात लपायचा — तो म्हणतो, "बॉस को क्या पिलाता है बे?" म्हटलं, मी नाही, परदेशी कंपनी पाजते.

एक गंमत. बशीत आज कॅप्सुलीचे दोन रिकामे तुकडे होते. म्हणजे सर फोडून नुसती पूड खातात. मोठ्या लोकांची मोठी तऱ्हा.

मी पण रोज एक घेतो. धडधड नाही, काही नाही. पण दुपारी चारला उतरतही नाही. आईला फोन लावला, उगाच. म्हणाली, "पैसे संपले काय?" म्हटलं, नाही गं, मेतकूट संपायला आलं.

१२ फेब्रुवारी

पकडला गेलो. यल्लव्वाक्कानं.

पँट्रीचं दार ढकलून आली तर मी गुडघ्यावर डबा घेऊन कॅप्सुली भरत बसलेलो. नाक वर करून वास घेत उभी राहिली.

"मेंत्यद हिट्टू, मेतकूट! काय कराल्यास रे मुडद्या?"

सगळं सांगितलं. अक्का बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली, हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग एकदम गंभीर. "मला पण दोन दे. नाहीतर सांगते."

"अक्का, तुला कशाला? सरळ डब्यातनं चमचाभर घे की."

"तसं नको. कॅप्सूल पाहिजे. साहेबावाणी."

पाण्याबरोबर गिळल्या आणि लाटकरणीचा तोरा करून फरशी पुसायला गेली.

१७ फेब्रुवारी

संकट नंबर दोन. सर सगळ्यांना सांगत सुटलेत, "इस बॉटल से फरक पड़ा." संहिता मॅडमना पाहिजे, प्रणीतला पाहिजे. मॅडमनी सरांसाठी नवी बाटली मागवलीसुद्धा! आली की सुटलो. खरी कॅप्सूल सरांना, माझं मेतकूट माझ्याकडं.

२० फेब्रुवारी

नवी बाटली आली. सीलबंद. देवा, वाचवलंस!

दहाला खरी कॅप्सूल ठेवली. कॉफीचा एक थेंब सांडला नाही.

२१ फेब्रुवारी

सरांनी कॅप्सूल तशीच परत पाठवली.

म्हणाले, "ये बैच ख़राब है. पुरानीवाली दो."

"सर, पुरानी ख़तम."

"तो ढूँढो."

आणि दिवसभर तेच पूर्वीचे सर. कॉफी दोनदा परत. प्रणीत संडासात. अक्का जाता जाता कोपरानं ढोसून म्हणते, "दे की रे त्याला स्वल्प हिट्टू. सगळ्यांच्या जीवाला शांती."

कसं देऊ? नव्या बाटलीत जुनी कॅप्सूल आली कुठनं, म्हणून विचारलं तर? आणि मेतकूट डब्याच्या तळाशी उरलंय, चार बोटं घातली तर संपेल.

आईला पुन्हा फोन केला. म्हणाली, "पाठवते. पण एवढं खातोस कशाबरोबर?" फोन ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज सर केबिनमधनं उठून बघत होते माझ्याकडं. काचेतनं. नुसते बघत होते.

मग संहिता मॅडम आल्या. "योगीराज, कल दस बजे सर ने बुलाया है. खाली हाथ मत आना, वो पुराना डिब्बा लेके आना, बोला है."

डिब्बा! बाटली नाही — डिब्बा!

अक्कानं सांगितलं? तिला धरलं, तर यल्लम्माची शपथ घेऊन म्हणाली, "मी कशाला सांगू? माझ्या दोन कॅप्सुली बंद होतील की!"

पेटी भरून ठेवली. दाजींना फोन केला, खडा टाकून बघायला. म्हटलं, दाजी, गिरणी कशी आहे? पलीकडनं पट्ट्याचा आवाज. म्हणाले, "झाडू तयार ठेवलाय."

२५ फेब्रुवारी

गेलो. डबा टेबलावर ठेवला. सरांनी झाकण उघडलं, बोटावर घेऊन चाटलं. आणि मराठीत बोलले! मराठीत! इथंच मल्लेश्वरमला त्यांच्या पिढ्यान्‌ पिढ्या गेल्या म्हणे, घरी मराठीच.

"पहिल्याच ढेकरेला कळलं रे. आमची अम्मा गेल्यापासनं घरात मेतकूट नाही."

"मग सर, बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर बंद केलं असतंस."

सरांनी डबा परत माझ्याकडं सरकवला.

"त्या कॅप्सुली बास आता. दुपारी मऊ भात लाव. तूप मी आणतो. तुझ्या आईला सांग, हिंग स्वल्प वाढव."