मोर्शीची बस

चंदाताई,

विशाखापट्टणमच्या नेव्ही क्वार्टरमदी आपली दारं समोरासमोर, अन् आपले नवरे एकाच जहाजावर. माह्यं बाळ पोटातच गेलं तवा ते दोघंही समुद्रात होते. आठ दिवस तूच मले भरवलं, न्हाऊ घातलं.

मंग जहाजावरच्या अपघातात तुहे किशोरभाऊ गेले. मी तुह्यापाशीच होती. पन जहाज परतलं, माहे धम्मदीप जिना चढून आले, अन् मी दारातच त्याहिले बिलगून हासली. पाह्यलं तं समोर तू उभी.

"जा, जेवू घाल त्याहिले," तू म्हनली अन् दार लावलं.

आता तू मोर्शीत, मी सुट्टीत बडनेऱ्यात. मोर्शीची बस रोज समोरून जाते, पन मी चढत नाई.

"काहून नाई जात?" धम्मदीप विचारतात.

तुह्यासमोर बसली तं तुले माह्या तोंडावर दिसन, का ते वाचले याचा मले अजूनही आनंद आहे.

तुही,
दीपमाला