तू सोडलेली रांग

प्रिय निखिल,

रविवारी तुझा मेलबर्नचा रूममेट जेरेमी सिंगापूरला, बेडोकच्या आपल्या घरी येऊन गेला. तेव्हापासून तुझ्याशी कडाकडा भांडावंसं वाटतंय. म्हणून हे पत्र.

दार उघडलं तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. तू गेल्यापासून वर्षभर हा मुलगा गप्प, आणि आज पेरूंची पिशवी घेऊन हजर! सवयीनं मी एक पेरू नाकाला लावला. तू असतास तर म्हणाला असतास, "आई, चांगी एअरपोर्टवरचा कुत्रासुद्धा एवढा वास घेत नाही!"

जेरेमी मान खाली घालून म्हणाला, "आंटी, दॅट डे वी वेअर इन द क्यू ऑलरेडी."

कसली रांग? तर तुम्ही दोघं गेलेल्या त्या संगीत महोत्सवात एक सरकारी तंबू होता. आपल्याजवळची नशेची गोळी तिथे द्यायची, केमिस्ट चिमूटभर तपासून तिच्यात काय आहे ते सांगतात. नाव विचारत नाहीत, पोलिसांना कळवत नाहीत.

सरकार गोळी तपासून देतं? म्हणजे 'घे बाळा' असंच ना ते! आणि फुकट? "फ्री, आंटी. निखिल ऑल्सो डोंट बिलीव्ह." तंबूवरचा बोर्ड वाचून तू त्याला म्हणालास म्हणे, "गव्हर्नमेंट वन, शुअर गॉट कॅमेरा लाह. लेटर रीच चांगी, दे टेस्ट मी, हाउ?" सरकारी म्हणजे कॅमेरा असणारच, आणि परत येताना चांगीवर तपासणीत पकडलं तर, ही तुझी भीती. आणि खिशातल्या गोळीसकट रांगेतून निघून गेलास.

जेरेमी थांबला. दोघांच्या गोळ्या एकाच पुडीतल्या. तंबूतल्या बाईनं त्याला सांगितलं, ही तुला वाटतेय ती गोळीच नाही, हिनं जीव जाईल. त्यानं ती तिथल्याच डब्यात टाकली आणि तुला शोधायला पळाला. तोवर तू गवतावर पडला होतास.

पळाला की चालत गेला? फोन का नाही केला? "आय कॉल, आंटी. ही नेव्हर पिक अप." तो रडत होता. तरी पुडी आणली कोणी, याचं उत्तर त्यानं दिलंच नाही. ते मी विसरलेले नाही.

पण तू रे? संशय माझ्याकडूनच घेतलास ना? मग तो तंबूवर घेतलास आणि गोळीवर का नाही? ताक फुंकून ओतून दिलंस आणि कढत दूध घटाघटा प्यायलास! कानाशी हलवल्याशिवाय मी कधी नारळ घेतला नाही, आणि माझ्या पोरानं कुणाच्याही हातची गोळी तोंडात टाकली. फार राग येतो तुझा.

चेकिंग म्हणजे पकडायलाच, हे तू लहानपणापासून बघितलेलं. ते वाचवायलाही असतं, हे तुला कोण सांगणार होतं?

आता तुझी धाकटी बहीण सई पुढच्या महिन्यात त्याच शहरात शिकायला जातेय. बाबा म्हणतात, "तिला ते तंबूबिंबू सांगू नकोस, नसतं डोक्यात शिरेल." मलाही वाटतं, असे तंबू काढले की मुलं बिनधास्त होत असतील. माझा त्यांच्यावर अजून विश्वास नाही. पण त्या तंबूनं एक मुलगा जिवंत माझ्या सोफ्यावर आणून बसवला, हेही मी बघितलं.

तेव्हा तुला शब्द देते. सईला आधी बजावेन, असलं काही तोंडात घालायचं नाही. आणि मग बाबांच्या समोरच सांगेन, "पण कधी हातात आलंच, तर दादासारखी रांग सोडून जाऊ नकोस."

तुझी, वास घेतल्याशिवाय काहीही न वाढणारी,
आई