कोच लुनांचे पाच बाण

जेद्दा, ४ जानेवारी २०२५

सौ. हफीजा आपा हिस,
तल्हाचा सलाम. वि. वि.

मी ठीक आहे. मोहियुद्दीन चाचा सुट्टीवर गावी येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो. फोनवर अम्मी शेजारी बसून सगळे ऐकते आणि मग तिला झोप लागत नाही. म्हणून मनातले कागदावर लिहितो.

आमच्या फुटबॉल क्लबात नवे कोच आले आहेत, एवारिस्तो लुना, मेक्सिकोचे. एकोणीस वर्षे गोलकीपर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आता सरळ होत नाहीत. देशाच्या संघात त्यांची एकदा निवड झाली, पण एक मिनिटही मैदानावर उतरवले नाही. सबंध स्पर्धा बाकावर बसून काढली, हे ते स्वतःच हसत सांगतात. नंतर तीन देशांत नुसते गोलकीपरांना शिकवले. सबंध संघाचे कोच होण्याची संधी बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा इथे मिळाली. शुक्रवारी कपाचा सामना आहे. हरलो तर त्यांचे काय करायचे ते महिनाअखेर कमिटी ठरवणार, असे मॅनेजर आतापासूनच बोलू लागला आहे.

माझे काम तेच, जर्सी, बूट, बाटल्या. पण कोचचे अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून त्यांचे कागद मी नीट उतरवून देतो. सामना बरोबरीत सुटला तर पेनल्टी मारतात. समोरचा कोणता खेळाडू कोणत्या बाजूला मारील, याचे पाच बाण त्यांनी पेन्सिलीने काढले होते. तो कागद आमचा गोलकीपर नबील याच्या पाण्याच्या बाटलीवर चिकटवायचा असतो. मी ते व्हिडिओ टीव्हीवर दोनदा पाहिले, तर कोचचे पाचही बाण उलटे. घाईत चुकले असतील. मी काही न बोलता सगळे सुधारून सुवाच्य कागद केला. त्यांनी न वाचता सही केली. म्हणाले, की तल्हाचा कागद तपासावा लागत नाही. आपा, असे मला आजवर कुणी म्हटले नव्हते.

अम्मीच्या गुडघ्याचे कळव. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा,
तल्हा

बाणकोट, ११ जानेवारी २०२५

चि. तल्हा यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज सकाळी मिळाले. अम्मीचा गुडघा बरा आहे, जिभेला तर कधीच काही होत नाही. तू वाळलास का, हे तिने मोहियुद्दीन चाचांना चारदा विचारले. चाचा म्हणाले, की तो वाळलेला नाही, फक्त इस्त्री केल्यासारखा दिसतो.

एक गोष्ट मनात आली. शाळेत मी मुलांची कवायत घेते, तेव्हा तोंड त्यांच्याकडे असते. माझा उजवा तो त्यांचा डावा. टीव्हीचा कॅमेरा चेंडू मारणाऱ्याच्या मागे असतो ना? आणि तुमचे कोच आयुष्यभर गोलात उभे राहिलेले. त्यांनी बाण तिथूनच काढले असतील तर? सामना काल झालाही असेल, म्हणून फोन केला नाही. माझी शंका खोटी ठरो. पण तसे असेल तर लपवू नकोस, मला लगेच लिही.

जेवत जा. आठवण ठेव म्हणजे झाले.

तुझी आपा,
हफीजा

जेद्दा, १६ जानेवारी २०२५

सौ. हफीजा आपा हिस,
तल्हाचा सलाम. वि. वि.

तुझी शंका खरी आहे. तुझे पत्र काल मिळाले, पण मला ते शुक्रवारी मैदानातच कळले होते.

सामना बरोबरीत सुटला. पाचही वेळा नबील एका बाजूला झेपावला आणि चेंडू दुसऱ्या बाजूने आत गेला. तिसऱ्या वेळी मला उमगले, की कोचचे बाण गोलातून पाहून काढलेले होते. आम्ही एका गोलने हरलो. लोकांनी नबीलवर बाटल्या फेकल्या. तो रडत सांगत होता, की मी कागदाप्रमाणेच केले. मॅनेजरने कागद कोणाचा म्हणून विचारले, तर कोच लुना म्हणाले, की सही माझी आहे, म्हणजे कागद माझा. मी दोन हात अंतरावर टॉवेल गोळा करत होतो. ते घेऊन धुवायला निघून गेलो.

तीस तारखेला कमिटी बसणार आहे. कोचला काढतील, असे सगळे म्हणतात. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, क्लबच्या नावावर आहे. बोललो तर मलाही परत पाठवतील, आणि अम्मीला काय सांगू? मी सहा दिवस त्यांचे बूट पुसतो आहे आणि त्यांच्याकडे बघत नाही. तू सांगशील ते करीन.

रागावलीस तरी पत्र लिहायचे थांबू नकोस.

तल्हा

बाणकोट, २२ जानेवारी २०२५

चि. तल्हा यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. तू निष्काळजीपणाने चुकला नाहीस, जास्त काळजी घेऊन चुकलास. अम्मीच्या मिठाच्या बरणीत साखर नीट भरून वर चिठ्ठी लावणारा तूच.

पण तो माणूस तुझी चूक आपल्या अंगावर घेऊन बसला आहे. तीस तारखेच्या आधी त्यांना सांग, आणि कमिटीपुढेही सांग. परत पाठवले तर ये. अम्मीला मी सांभाळीन, आणि घरात एक ताट वाढले म्हणून काही बिघडत नाही.

पाठीशी आहे, हे लक्षात असू दे.

हफीजा आपा

जेद्दा, २ फेब्रुवारी २०२५

सौ. हफीजा आपा हिस,
तल्हाचा सलाम. वि. वि.

कमिटीच्या आदल्या दिवशी कोचच्या खोलीत गेलो. आमचे बोलणे अर्धे अरबी, अर्धे इंग्रजी, बाकी हातवारे. सगळे सांगून टाकले. त्यांना माहीत होते. सामन्याच्या संध्याकाळीच त्यांनी नबीलच्या बाटलीवरचा कागद वाचला होता. मग बोलला का नाहीत, असे मी विचारले. म्हणाले, की न वाचता सही करतो तो कोच नसतो, आणि तुझे नाव घेतले असते तर त्यांनी तुला काढले असते आणि मलाही काढलेच असते.

तरी मी दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे गेलो. पूर्ण बोललो. नबीलचा दोष नाही, कोचचे बाण बरोबर होते, ते मी बदलले. अध्यक्षांनी मॅनेजरला विचारले, की हा कोण. मॅनेजर म्हणाला, की कपडे सांभाळतो. अध्यक्ष खलास, म्हणजे पुरे, म्हणाले आणि मला सगळ्यांसाठी चहा आणायला सांगितले. मी चहा आणला. नबीलला ठेवले. मलाही ठेवले, कारण बहुधा माझ्याबद्दल ठरवायचे आहे हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. कोच लुनांना काढले.

आज सकाळी ते गेले. निघण्याआधी मला मैदानावर नेऊन गोलात उभे केले. आपा, टीव्हीवर तो गोल लहान दिसतो. मध्ये उभे राहिले की दोन्ही खांब फार लांब जातात. त्यांनी दहा-बारा चेंडू मारले. मी एकच अडवला, तोही नाकाने. अम्मीला दारावर आपटलो असे सांग.

मी माफी मागितली तेव्हा ते शेजारी खाली बसले. म्हणाले, की एकोणीस वर्षे चेंडू मारणाऱ्यांच्या पायांकडे पाहिले, पण पाचपैकी तीनच्या पुढे अंदाज कधी गेला नव्हता. त्या शुक्रवारी पाचही बरोबर आले. कमिटीने ऐकून घेतले नाही, म्हणून हे जगात दोघांनाच माहीत आहे, त्यांना आणि मला. एवढे बोलून ते लहान मुलासारखे हसले आणि बॅग उचलली.

आता तिसरी तू. शाळेतल्या मुलांना त्यांचे नाव सांगशील का?

तुझा लोभ आहेच, तो त्यांच्यासाठीही थोडा राखून ठेव.

तुझा,
तल्हा